अकरा लग्नांचे पान

नेर, जिल्हा यवतमाळ
रविवार, दि. ९ फेब्रुवारी १९६४

चि. सौ. नलूस,

सप्रेम जयभीम. जावईबापूंना व विहीणबाई मथुराबाईंना आमचा जयभीम सांगणे. दोन्ही मुलांना आशीर्वाद.

तुझे जानेवारीतील कार्ड पोहोचले. मुलांचा खोकला थांबला, हे वाचून तुझ्या आईला हायसे वाटले. तिचा गुडघा थंडीत दुखतो. परंतु ती माझ्या सांगण्यावरून स्वस्थ बसणारी नाही, हे तुला ठाऊक आहेच. यंदा कापूस बरा आला. बाजाराच्या दिवशी बैलगाड्यांची रांग आपल्या दारापर्यंत येते आणि लिहिताना कागदावर कापसाचे तंतू येऊन बसतात. मला अडुसष्टावे वर्ष लागले. चष्मा बदलला, अक्षर अद्याप बदललेले नाही.

पत्रास कारण असे. देवराव नगराळे याला जाऊन १५ मार्च रोजी, रविवारी, एक वर्ष पुरे होते. त्या दिवशी वसतिगृहाच्या पटांगणात सभा असून त्याच्या जीवनावर बत्तीस पानांची पुस्तिका प्रसिद्ध व्हावयाची आहे. ती लिहिण्याचे काम समितीने एकमताने माझ्याकडे सोपविले. समितीचा चिटणीस मारोती हा माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी लिहिलं तं त्यात खोट काढाची कोनाची हिंमत नाही." त्याचे हे म्हणणे खरे आहे.

समितीची आणखी एक इच्छा आहे. देवरावाने नव्या बौद्ध विधीने लावलेल्या पहिल्या अकरा लग्नांतील अकरा जणींनी त्याच्या तसबिरीपुढे फुले ठेवावीत. तुझे लग्न सर्वांत पहिले. म्हणून मान तुझा. बाकीच्या दहा जणींचा होकार आला आहे.

तू विचारात पडशील, हे मी जाणतो. म्हणून तो माणूस कोण होता, हे आधी लिहितो. तू त्याला पाहिले आहेस. परंतु पाहणे निराळे आणि ओळखणे निराळे.

नेरपासून दोन कोसांवरच्या गावी त्याचा जन्म झाला. बापाकडे गावाची मेलेली ढोरे ओढण्याचे काम होते. देवराव एकतारीवर भजने म्हणे. एकदा ऐकलेले पद त्याच्या गळ्यातून पुन्हा जात नसे. एकोणचाळिसाव्या वर्षी तो माझ्या शाळेत आला आणि पहिलीच्या मुलांच्या मागे मांडी घालून बसला. मुले हसली. तोही त्यांच्याबरोबर हसला आणि म्हणाला, "हासा रे बाप्पा, पन पाटी सरकवा जराशी, मले दिसून नाही राह्यलं." मी त्याला त्याच क्षणी सुधारले: 'मले' नव्हे, 'मला'. तो म्हणाला, "गुरुजी, मला म्हनलं तं वाटते दुसऱ्याच कोनाले बोलून राह्यलो." त्याला वाचता आले, परंतु अखेरपर्यंत अक्षराखाली बोट ठेवूनच.

छप्पन साली दसऱ्याला तो धामणगावपर्यंत पायी आणि तेथून रेल्वेने नागपूरला गेला. दीक्षा घेऊन परतला तेव्हा त्याच्या पायांना फोड होते आणि तो सर्वांना एकच गोष्ट सांगत होता: "आता कोनाची वाट नाही पाहाची." पुढच्याच महिन्यात त्याच्या गावच्या पाटलाचा बैल मेला. आपल्या वस्तीतून कोणी उठले नाही. पाटील स्वतः आला आणि म्हणाला, "देवराव, माज आला का तुमाले?"

"माज नाही पाटील, लाज आली. बैल तुमचा. जलमभर तुमच्यासाठी राबला. त्याची शेवटली सेवा तुमच्याच हातून होऊ द्या."

त्या उत्तरासाठी वस्तीने चार महिने बहिष्कार सोसला. शेतावर काम नाही, दुकानात मीठ नाही, पिठाची गिरणी बंद. देवरावाने माळ्यांवर पडलेली जुनी जाती खाली काढविली आणि तो स्वतः दळावयास बसला. बाया म्हणाल्या, "बुवा, हे बायाचं काम हाय." तो म्हणाला, "मंग भाकर फक्त बायाच खातात का?" बंजाऱ्यांच्या तांड्याचा धावजी नाईक हा त्याचा भजनातला जुना स्नेही. त्याने आपल्या लोकांच्या शेतांत कापूस वेचण्यासाठी साऱ्या वस्तीला बोलाविले आणि बहिष्कार तेथेच मोडला.

वसतिगृह तर तुझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. स्वयंपाकाला बसण्यापूर्वी प्रत्येक घरातील बाईने एक मूठ ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकावयाची आणि रविवारी देवरावाने पोते घेऊन ती गोळा करावयाची. सात गावे, एक पोते, एक माणूस. त्या मुठींवर आज चौतीस मुले शिकत आहेत. त्यांतील पाच तांड्याची आहेत.

हे सर्व मी पुस्तिकेत विस्ताराने लिहिले आहे आणि माझ्या आयुष्यात मी याहून चांगले काही लिहिलेले नाही.

राहता राहिला सत्तावन्न-अठ्ठावन्नचा परिच्छेद. तुझ्या लग्नात आणि पुढच्या दहा लग्नांत ज्या पाली गाथा म्हटल्या गेल्या, त्यांत अंत्यविधीच्या गाथा मिसळल्या होत्या, हे दीड वर्षाने उघडकीस आले. त्याचे तुला जे भोगावे लागले, त्याची उजळणी मी येथे करीत नाही. मारोतीने त्यासाठी एक वाक्य सुचविले आहे: 'शिक्षणाच्या अभावी आरंभीच्या विवाहविधींत त्यांच्याकडून काही प्रमाद घडले, परंतु ते त्यांनी स्वतः निस्तरले.' वाक्याची रचना निर्दोष आहे. मी ते ठेवले आहे. हस्तलिखित २८ तारखेस यवतमाळला छापखान्यात द्यावयाचे आहे.

बाभुळगावहून सकाळच्या बसने यवतमाळला आलीस, तर दुपारपर्यंत नेरला पोहोचशील. होकार लवकर कळविणे.

तुझे वडील,
उकंडा भिवाजी मनवर
निवृत्त मुख्याध्यापक


नेर
रविवार, दि. २३ फेब्रुवारी १९६४

प्रिय नलू,

तुझे उत्तर बुधवारी आले. तुझ्या आईने विचारले, "काय लिहिलं पोरीनं?" मी म्हणालो, "मुले बरी आहेत." पत्रात मुलांविषयी एक अक्षरही नव्हते.

तू लिहितेस: 'बाबा, मी येणार नाही. ज्या माणसाने माझ्या लग्नात मयताच्या गाथा म्हटल्या, त्याच्यापुढे मी फूल ठेवणार नाही. माझे लेकरू गेले. त्या गाथांमुळे गेले असे मी मानत नाही, पण सासूबाईंनी मानले आणि मला चार महिने माहेरी बसवले. ज्याला वाचता येत नव्हते त्याने लग्ने लावायची कशाला? तो मेला म्हणून थोर झाला काय? आणि तुम्ही त्याची एवढी बाजू का घेता, हे मला आजवर समजले नाही.'

तुझ्या पत्रातील शुद्धलेखनाच्या चुका मी आज शोधल्या नाहीत.

मी देवरावाची बाजू का घेतो, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पाच वर्षे मी त्याचे उत्तर तुला दिले नाही. मागच्या पत्रातही, तीन पाने भरूनही, दिले नाही. आता देतो. कृपा करून हे पत्र शेवटपर्यंत वाच.

सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये, तुझ्या लग्नाच्या तीन आठवडे आधी, विधींची एक छापील पुस्तिका आपल्या भागात आली. आसपासच्या दहाबारा गावांत मिळून ती एकच प्रत होती. दारव्ह्याचे एक गृहस्थ ती घेऊन दुपारी आपल्या घरी आले आणि पाचच्या बसने त्यांना परतावयाचे होते. तेवढ्या वेळात विवाहविधी उतरवून घ्यावयाचा होता. शंभर हातांतून फिरल्यामुळे पुस्तिकेची शिवण सुटली होती. कोणीतरी सुटी पाने दोऱ्याने बांधली होती. मी नवी वही घेतली, बोरू तासला आणि लिहू लागलो.

चौदाव्या पृष्ठानंतर एकविसावे पृष्ठ होते.

ते मला दिसले. नलू, मला ते स्पष्ट दिसले. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या वह्यांतील वगळलेले टिंब शोधले, त्याला सहा पानांची उडी दिसणार नाही, असे कसे होईल? ते गृहस्थ ओसरीवर, माझ्यापासून चार हातांवर, चहा पीत बसले होते. त्यांना विचारता आले असते. परंतु त्याच सकाळी, पंधरा माणसांसमोर, मी म्हणालो होतो की, संस्कृत जाणणाऱ्याला पाली कोणी शिकवावी लागत नाही. प्रश्न विचारला असता, तर मला अर्थ कळत नाही, हे सर्वांना कळले असते. मी मनाशी म्हटले, मधली पाने प्रस्तावनेची असतील. आणि एकविसावे पृष्ठ अत्यंत सुवाच्य अक्षरात उतरविले. ते अंत्यविधीचे पृष्ठ होते.

ती वही मी देवरावाला दिली. त्याने अक्षराखाली बोट ठेवून ती आठ दिवसांत पाठ केली आणि नवव्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"गुरुजी, एक विचारू का? रागावसान तं नाही?"

"विचार."

"ह्या मधातल्या ओळी. कोनत्याबी चालीत बसवल्या तरी गळा आपसुक खाली येते. आमच्या भजनात मयताच्या पदाले असा उतार रायते. हे लग्नाचं वाटून नाही राह्यलं."

ज्या माणसाला 'मला' म्हणता येत नव्हते, त्याच्या कानाने जे ओळखले, ते माझ्या विद्येने ओळखले नाही. किंबहुना ओळखू दिले नाही. मी म्हणालो, "देवराव, चाल हा तुझा विषय, अर्थ हा माझा. लिहिले आहे ते पाठ कर."

"बरं गुरुजी," तो म्हणाला आणि गेला.

तुझ्या लग्नात तो त्या ओळींवर आला, तेव्हा त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

त्या काळी मयताला आपण केवळ त्रिशरण आणि पंचशील म्हणत असू; त्यामुळे दीड वर्षात कोणाच्या लक्षात आले नाही. अठ्ठावन्नच्या डिसेंबरमध्ये, अकराव्या लग्नात, नागपूरच्या गिरणीत काम करणारा एक पाहुणा उभा राहिला आणि ओरडला, "अहो थांबा! हे तर मयताचं आहे!" पुढचा गोंधळ मी वर्णन करीत नाही. नवरदेवाचा चुलता वही मागत पुढे आला. देवरावाने वही बंडीच्या आत घातली, हात जोडले आणि तो म्हणाला:

"मंडळी, गुरुजीनं बरोबर लिहून देलतं. मीच अडानी मानूस. पाठ करताना मागचं पुढं झालं. काय म्हनाचं ते मले म्हना."

लोकांनी म्हणावयाचे ते त्याला म्हटले. एकाने त्याच्या अंगावर पानाचा विडा फेकला. मी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलो होतो आणि मी बसूनच राहिलो.

परतताना मी त्याला गाठून विचारले, हे तू काय केलेस? वस्तीच्या टोकाला एक बाई चुलीवर पाणी तापवीत होती. त्याने तिच्या चुलीत वही सरकविली आणि ती जळेपर्यंत तो तेथून हलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, माह्या अडानीपनाले लोक माफ करतीन. तुमच्या शिकलेपनाले नाही करनार. उद्या म्हनतीन, शिकून काय होते, गुरुजीचं अक्षर बी खोटं निघालं. सात गावची पोरं तुमच्या अक्षरावर भरोसा ठेवून शाळेत येऊन राह्यली. ती काहून घरी बसवाची? पहिलं पोरगं मॅट्रिक होऊ द्या, मंग सांगून टाका."

मला सुटल्यासारखे वाटले. हे तीन शब्दांचे वाक्य लिहिण्यास मला पाच वर्षे लागली.

पुढे काय झाले, ते तुला अर्धेच माहीत आहे. तुझे पाच महिन्यांचे बाळ त्याच वर्षी पावसाळ्यात हगवणीने गेले होते. गाथांची बातमी बाभुळगावला पोहोचताच विहीणबाईंनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि तुला आमच्याकडे पाठविले. तू मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत असस. एकदा मला म्हणालीस, "त्या अडाण्याच्या हाती माझं लग्न का दिलंत, बाबा?" खरे उत्तर माझ्या जिभेवर आले होते. मी म्हणालो, "जे झाले ते झाले, बेटा."

देवराव त्या काळात अकराही गावे पायी फिरला. प्रत्येक जोडप्यापुढे बसून त्याने चूक कबूल केली आणि योग्य गाथा पुन्हा म्हटल्या. बाभुळगावला त्याला कोणी दारात उभे केले नाही. मग त्याने काय केले, हे मला खुद्द विहीणबाईंनी तुझ्या मोठ्याच्या नामकरणाच्या दिवशी सांगितले. तो तुमच्या शेतात गेला आणि कोणी न सांगता कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी उपटू लागला. दर रविवारी, ज्वारीचे पोते नेरला टाकून, तो बसने येई, दिवस मावळेपर्यंत उन्हात वाकून काम करी आणि परत जाई. पाचव्या रविवारी विहीणबाई बांधावर गेल्या.

"काहून बुवा, आमच्या घरी मजूर नाहीत का? लग्नात मयत म्हनलं, आता वावरात काय म्हनाले आले?"

"काही नाही म्हनत बाई. हात चालून राह्यले, तोंड बंद हाय."

"माह्यं नातवंड गेलं."

"गेलं माय. मी तुमच्या दारात येऊन बसलो असतो, पन तुमी बसू देलं नाही. पन एक सांगतो. बुद्धाचे शब्द कोनाले मारत नाहीत. त्या शब्दांत दुख झालेल्या मानसाची समजूत हाय. ते चुकीच्या टायमाले म्हनले, हा माहा गुन्हा. पोरीचा नाही. मले बारा महिने पानी नका देऊ. पोरीले घरी आना."

विहीणबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, त्या मानसाच्या हाताले काटक्यानं चिरा पडल्या होत्या. मले माहीच लाज वाटली." पुढच्या आठवड्यात जावईबापू तुला न्यावयास आले. तुला वाटले, त्यांचा राग उतरला. मीही तुला तसेच वाटू दिले. तू त्यानंतर देवरावाशी कधी बोलली नाहीस. वाटेत दिसला की पदर ओढून पुढे जात असस. त्याने एकदाही माझे नाव घेतले नाही.

वसतिगृहातील पहिला विद्यार्थी बासष्टच्या जूनमध्ये मॅट्रिक झाला. देवरावाने त्याला पेढा भरविला, मलाही भरविला, आणि माझ्याकडे पाहून फक्त हसला. त्याने ठरविलेली मुदत त्या दिवशी संपली होती. तो त्यानंतर नऊ महिने जगला. नऊ महिन्यांत त्याने मला आठवण करून दिली नाही आणि मी बोललो नाही. तोपर्यंतचे मौन त्याने मला दिले होते. त्यानंतरचे सर्व माझे आहे.

काल समितीपुढे मी मारोतीचे ते निर्दोष वाक्य खोडले आणि त्या जागी नवा परिच्छेद वाचून दाखविला. मारोती गडबडून गेला. "गुरुजी, हे छापलं तं लोक तुमाले काय म्हनतीन?" धावजी नाईक भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "काय म्हनतीन? म्हातारा उशिरा बोलला, पन बोलला, म्हनतीन. छापा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, देवराव तुमाले लय मानत होता. मले समजत नव्हतं काहून. आज थोडंसं समजलं." इतक्या वर्षांत मिळालेल्या कोणत्याही प्रशस्तिपत्रकाने मला इतके खाली पाहावयास लावले नव्हते.

परिच्छेद असा आहे. तुला छापण्यापूर्वी वाचण्याचा अधिकार आहे, म्हणून येथे उतरवितो.

'सन १९५७ ते १९५८ या काळात देवराव नगराळे यांनी लावलेल्या अकरा विवाहांत अंत्यविधीच्या गाथा म्हटल्या गेल्या. ही चूक त्यांची नव्हती. प्रस्तुत लेखकाने चुकीचे पृष्ठ पाहूनही उतरविले. देवराव यांनी शंका घेतली असता लेखकाने त्यांना गप्प केले. चूक उघड झाल्यावर, शाळेवरील मुलांचा विश्वास ढळू नये म्हणून, देवराव यांनी ती आपल्यावर घेतली आणि अकरा गावे पायी फिरून निस्तरली. लेखक गप्प राहिला. विद्या कोणाला म्हणावी, हे या तालुक्यात ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी या दोघांपैकी देवराव यांच्याकडे पाहावे.'

हा परिच्छेद १५ मार्चला सभेत मी स्वतः उभा राहून वाचणार आहे. तुझी आई पहिल्या रांगेत असेल. तिला मी काल सांगितले. तिने उठून मडक्यात ज्वारीची मूठ टाकली आणि म्हणाली, "त्या बिचाऱ्याले मी एक दिवस बी जेवाले थांबवलं नाही." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिचे बरोबर आहे.

तू मला क्षमा करावीस, असे मी या पत्रात कोठेही लिहिलेले नाही आणि लिहिणार नाही. ती मागण्याची माझी पात्रता आहे की नाही, हे तू ठरव; आणि न ठरविलेस तरी चालेल. माझ्या घरी उतरू नकोस, हवे तर थेट वसतिगृहात ये. माझ्याशी बोलू नकोस. परंतु त्या माणसासाठी ये. चार वर्षे तू त्याच्यावर केलेला राग त्याने माझ्या वाट्याचा म्हणून सोसला आणि एका शब्दानेही तुला परत केला नाही. असा माणूस आपल्या लोकांत जन्मला, माझ्या वर्गात शेवटच्या रांगेत बसला आणि मला गुरुजी म्हणाला, याचा मला अभिमान वाटतो. एवढी एकच गोष्ट मी कोणासमोरही ताठ मानेने सांगू शकतो.

जयभीम.

ते एकविसावे पृष्ठ ज्याच्या हातचे,
तो तुझा बाप,
उकंडा